उन्हाने खाल्लेले चित्र

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, मी घरातल्या आणि गावातल्या साध्यासुध्या गोष्टींवर लिहितो. विज्ञानाच्या वाटेला मी सहसा जात नाही. सारी हयात बँकेत खतावण्या तपासण्यात गेली. आकड्यांशी माझा संबंध तेवढाच. तेव्हा यंदा दिवाळी अंकासाठी मी अणूहून लहान कणांवर लिहायला बसलो आहे हे पाहून, "आज प्रकृती बरी आहे ना?" अशी चौकशी स्वयंपाकघरातून झाली. पण याला तसेच कारण घडले. ते कारण आमच्या औंधच्या घरात खिळ्याला टांगलेले होते.

औंध म्हणजे पुण्याचे नव्हे. हा खुलासा मी जन्मभर करीत आलो आहे. सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले, यमाईचे औंध. पंतप्रतिनिधींचे जुने संस्थान. माझे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि त्याच साली माझा जन्म झाला. "राजा गेला नि हा आला," असे आजी कौतुकाने म्हणायची की खेदाने, ते मला अजून उमगलेले नाही.

राजेसाहेब भवानराव स्वतः चित्रकार. राजाला ज्याचा नाद, त्याचा प्रजेलाही थोडाफार असतोच, त्यामुळे गावात कुंचला धरणारे हात बरेच होते. त्यांतल्याच एका ड्रॉइंगमास्तरांनी माझ्या आजीचे जलरंगातले चित्र काढले. तुळशीपाशी बसलेली आजी, हिरवे लुगडे, नाकात नथ आणि कपाळावर चांगले रुपयाएवढे कुंकू. वडिलांनी ते चित्र माजघरात लावले होते. माजघर आमचे अंधारे. चित्र पाहायचे तर दिवा न्यावा लागे. वडील गेल्यावर, १९७९ साली, घर माझ्या ताब्यात आले. एवढे सुरेख चित्र अंधारात का म्हणून ठेवायचे, असे मनात येऊन मी ते पुढच्या सोप्यात, दारासमोरच्या भिंतीवर लावले. येणारा-जाणारा "वा!" म्हणे आणि मला धन्य वाटे. सोपा पूर्वेचा. सकाळचे ऊन थेट चित्रावर येई. तेव्हा तर ते फारच खुलून दिसे.

पुढे काय झाले ते सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल. रोज पाहणाऱ्याला ते दिसत नाही. माझी आत्या बऱ्याच वर्षांनी माहेरी आली, चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, आईचं कुंकू कुणी पुसलं?"

तांबडा रंग सर्वांत आधी गेला होता. आजी अहेवपणी गेली, आणि चित्रात मात्र तिचे कपाळ मोकळे. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. तरीही चित्र मी काढले नाही. झाले ते झाले, आता हलवून काय उपयोग, असे स्वतःला सांगत राहिलो.

गेल्या वर्षी आश्विनात औंधच्या संगीतोत्सवासाठी आम्ही दोघे गावी गेलो. सोबत माझ्या धाकट्या भावाची मुलगी होती. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आणि मुंबईला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामाला आहे. काय काम करतेस, म्हणून मी दोनतीनदा विचारले होते. पण "काका, डिटेक्टर जोडतो आम्ही," एवढ्या उत्तरापलीकडे माझी मजल गेली नव्हती. डिटेक्टर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर विमानतळावरची कमान येई.

सकाळी आम्ही डोंगरावरच्या श्रीभवानी संग्रहालयात गेलो. राजेसाहेबांनी जन्मभर गोळा केलेली चित्रे आणि शिल्पे त्यांनी १९३८ साली तिथे मांडली. राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि, खेड्यात कुणाला खरे वाटणार नाही, पण हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि मूल' हे दगडी शिल्पही आहे. पुतणी त्या शिल्पापुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "दगडाला उजेडाची भीती नाही. रंगाला आहे."

घरी आल्यावर तिने न विचारता स्टुलावर चढून पणजीचे चित्र उतरवले, पाठीमागचे खिळे काढले आणि कागद चौकटीतून बाहेर घेतला. मी "अगं, फाटेल!" म्हणेपर्यंत तिने तो ताटावर ठेवलाही होता. चौकटीच्या पट्टीखाली कागदाची बोटभर कड झाकलेली असते. त्या कडेला आजीच्या लुगड्याचा काठ होता, आणि तो, काय सांगावे, ओल्या मेंदीसारखा हिरवागार होता! शेजारचे लुगडे राखेसारखे.

"ही कड फार मोलाची आहे, काका," ती म्हणाली. "आम्हीही असा एक न मार खाल्लेला तुकडा बाजूला ठेवतो. त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून बाकीच्यांचं किती बिघडलं ते कळत नाही."

तिथून जे बोलणे निघाले ते रात्री जेवणे होईपर्यंत चालले. मला समजले तेवढे सांगतो.

जिनिव्हाजवळ सर्न नावाची संशोधनसंस्था आहे. युरोपातल्या देशांनी ती १९५४ साली स्थापन केली. भारत तिचा सहयोगी सदस्य झाला तो २०१७ साली. तिथे जमिनीखाली शंभरएक मीटरवर २७ किलोमीटर घेराचे एक कडे आहे. त्यात प्रोटॉनांचे झुबके समोरासमोरून धावत येतात आणि ठरलेल्या जागी सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. दर वेळी त्यांतल्या काहींच्या टकरा होतात आणि फटाक्याच्या ठिणग्यांसारखे नाना कण चहूकडे उडतात. ४ जुलै २०१२ रोजी ज्या हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला, तो अशाच टकरांतून. पण ठिणगी डोळ्यांना दिसते, हे कण दिसत नाहीत. त्यांनी जाताजाता कुठे काय स्पर्श केला, त्यावरून त्यांचा माग काढायचा. त्यासाठी टकरीच्या जागेभोवती साक्षीदार बसवावे लागतात, आणि त्यांतले सर्वांत जवळचे साक्षीदार म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या.

"सिलिकॉन म्हणजे?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

पुतणीने खुंटीवरच्या जुन्या प्रभाकर कंदिलाकडे बोट दाखवले. ओगलेवाडीचा तो कंदील आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहे. ओगल्यांचा काचकारखाना काय किंवा किर्लोस्करवाडी काय, दोन्ही औंध संस्थानच्या मुलखात उभे राहिले, याचा आम्हा औंधकरांना अजून ताठा आहे. "त्याची काच वाळूपासून होते ना, काकू? त्याच वाळूतला ऑक्सिजन काढून टाकला की सिलिकॉन उरतो. तो शुद्ध करून त्याचा दंडगोल ओढायचा आणि काकडीसारख्या चकत्या करायच्या."

चकतीची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही कमी. आत सिलिकॉनचे अणू पंगतीसारखे शिस्तीत बसलेले, प्रत्येकाचे चार शेजारी ठरलेले. एखादा वेगवान कण चकतीतून आरपार गेला की वाटेत वीस-बावीस हजार इलेक्ट्रॉन सुटे होतात. चकतीला विजेचा दाब दिलेला असतो. त्याने ते एका बाजूच्या पट्ट्यांकडे ओढले जातात आणि ज्या पट्टीत विजेची बारीकशी कळ उठली, तिथून कण गेला असे समजते. पंगतीतला वाढपी जसा ओळींतून सुळकन पुढे जातो, तसे हे इलेक्ट्रॉन गेले पाहिजेत.

आता गंमत अशी, आणि सारी अडचण हीच, की येणारा कण दर वेळी इतका सभ्य नसतो. मधूनच तो एखाद्या अणूच्या गाभ्यावरच आदळतो आणि त्या अणूला पाटावरून उठवून भलतीकडे फेकतो. पाट रिकामा राहतो आणि उठलेला पाहुणा दोन ओळींच्या मध्ये फतकल मारून बसतो. एकदोन अशा जागा असल्या तर वाढप्याचे अडत नाही. पण कोट्यवधी झाल्या की वाढपी अडखळतो, काही तर मध्येच अडकून बसतात आणि पट्टीपर्यंत पोचतच नाहीत. कण येऊन गेला तरी साक्ष पुरती मिळत नाही. शिवाय कण आलेला नसतानाही चकतीतून उगीचच वीज झिरपू लागते. त्याने चकती तापते, तापली की अधिक झिरपते, अधिक झिरपली की आणखी तापते. आणि सर्वांत नवल म्हणजे, पुरेसा मार खाल्ल्यावर काही चकत्यांचा विद्युत् स्वभावच उलटा होतो आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायला पूर्वीच्या कितीतरी पट दाब द्यावा लागतो.

"मग मार बसणार नाही अशी वस्तू का नाही वापरत?" मी विचारले. बँकेतला माणूस, तारण बुडणार असेल तर कर्ज देऊ नये, एवढे मला कळते.

"कणाचा स्पर्श झाल्याखेरीज कण कळणार कसा? जी वस्तू त्याला दाद देते, तिला मारही लागतो. मार अजिबात लागणार नाही असं काही नाही, काका. मार खाऊनही ठरल्या मुदतीपर्यंत खरी साक्ष देईल, एवढंच बघायचं."

हे ऐकताना माझी नजर ताटावरच्या चित्राकडे गेली, हे मी कबूल करतो.

मुदत वाढवायच्या युक्त्या मात्र ऐकण्याजोग्या आहेत. पहिली युक्ती थंडीची. तपमान सुमारे सात अंशांनी उतरवले की झिरपणारी वीज निम्मी होते, म्हणून या चकत्या शून्याच्या खाली ठेवतात. नव्या यंत्रात उणे तीस अंशांच्या आसपास ठेवणार आहेत. आणि यंत्र बंद असतानाही त्यांना थंडीतच ठेवावे लागते. याचे कारण विलक्षण आहे. मार खाल्लेली चकती उबेत ठेवली की पहिले काही दिवस ती थोडी सुधारते. पण त्यानंतरही उबेतच राहिली तर दुखणे उलटते आणि पहिल्यापेक्षा वाढते. त्यामुळे दुरुस्तीसाठी यंत्र उघडले की कोणती चकती किती दिवस उबेत होती, याची नोंद ठेवतात. बाळंतिणीच्या शेकाचासुद्धा कुणी इतका हिशेब ठेवत नसेल!

दुसरी युक्ती ऑक्सिजनची. साऱ्या जगाची धडपड सिलिकॉन जास्तीत जास्त शुद्ध करण्याची. पण १९९० नंतरच्या दशकात सर्नमधल्या एका संशोधकगटाला असे आढळले की, त्या शुद्ध सिलिकॉनमध्ये मुद्दाम ऑक्सिजन मुरवला तर विद्युत्भार असलेल्या कणांचा मार तो पुष्कळ चांगला सोसतो. न्यूट्रॉनांपुढे मात्र ही मात्रा चालत नाही. "पुरणात चिमूटभर मीठ," असा निकाल आमच्या घरून मिळाला आणि पुतणीला तो पसंत पडला. याखेरीज चकत्या आणखी पातळ करणे, त्यांचा मूळ विद्युत् स्वभावच वेगळा घेणे, असे इतर उपायही आहेत. ते मला सांगितले गेले, पण माझ्या डोक्यात शिरले नाहीत.

आणि भरवसा बसावा म्हणून काही चकत्या आधीच अणुभट्टीत नेऊन त्यांना मार देतात. दहा-बारा वर्षांत जो बसायचा तो काही तासांत! मार न्यूट्रॉनांच्या मापाने मोजायची पद्धत आहे. नव्या यंत्रात सर्वांत वाईट जागी, चौरस सेंटीमीटरला, एकावर सोळा शून्ये इतक्या न्यूट्रॉनांएवढा मार बसेल असा अंदाज आहे. मी सोळा शून्ये कागदावर मांडून पाहिली. बँकेत एवढी रक्कम कधी लिहावी लागली नाही.

पण या विषयाला आपल्या मातीचा संबंध आहे, आणि त्यासाठीच मी हे लिहायला घेतले. सर्नला सीएमएस नावाचे १४,००० टनांचे एक अजस्र उपकरण आहे. त्याच्या दोन टोकांना सिलिकॉनच्या चकत्यांचा एक थर आहे. त्याचे काम काय, ते पुतणीने गावातलेच उदाहरण देऊन सांगितले. रात्री यमाईच्या डोंगरावरून रहिमतपूरच्या रस्त्याकडे पाहिले की दुरून येणाऱ्या मोटारीचा एकच दिवा दिसतो; जवळ आल्यावर कळते की दिवे दोन आहेत. हिग्ज कणाची एक खूण म्हणजे प्रकाशाचे दोन प्रखर कण. पण दुसराच एक क्षुद्र कण मोडूनही प्रकाशाचे दोन कण निघतात, तेही इतके लगत की एकच वाटावेत आणि फसगत व्हावी. एक दिवा की दोन, हे ओळखण्यासाठी तो थर. त्यात सव्वाचार हजारांहून अधिक चकत्या आहेत, अडीच इंच लांबी-रुंदीच्या, प्रत्येकीवर ३२ पट्ट्या. त्यांतल्या जवळजवळ एक हजार भारतातल्या. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याला हाताशी धरून त्या घडवल्या. २००९ साली हा थर बसला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टकरा सुरू झाल्या. हिग्ज सापडला त्या काळात या चकत्या तिथे मार खात उभ्या होत्या.

"आता त्या निघणार," पुतणी म्हणाली.

२०२६ पासूनच्या मोठ्या दुरुस्तीत सीएमएसची दोन्ही टोके उतरवून नवी बसवण्याची योजना आहे. २०३० च्या सुमारास यंत्र नव्या जोमाने सुरू व्हायचे आहे आणि तेव्हा मार कितीतरी वाढेल. जुन्या चकत्या त्याला पुरणाऱ्या नाहीत. नव्या टोकांत सुमारे सहाशे चौरस मीटर सिलिकॉन लागणार आहे, म्हणजे दोन-दोन खोल्यांच्या दहा-अकरा बिऱ्हाडांची फरशी होईल एवढा. चकत्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी. गोल चकतीतून षट्कोन कापला तर वाया कमी जाते म्हणून. अशी पंचवीस हजारांच्या वर घटके जोडायची आहेत. ती जोडण्याची ठिकाणे जगात मोजकी : अमेरिकेत, चीनमध्ये, तैवानमध्ये आणि आपल्या कुलाब्याला. पुतणी तिथे काम करते.

मी विचारले, "या चकत्याही बंगळूरच्याच का?" नाही, त्या जपानच्या. बंगळूरच्या चार इंची होत्या, आता आठ इंची लागतात. मला जरा वाईट वाटले, आणि अजून वाटते. एकदा जमलेली विद्या पुढच्या मापापर्यंत न्यायला नको होती का? पुतणीने यावर काही म्हटले नाही. शहाणी आहे, नोकरी करायची आहे तिला.

तिच्या कामाचे वर्णन ऐकून मात्र आमच्या घरी फार समाधान झाले. खोलीत जाताना अंगरखा, टोपी, मोजे, तोंडाला फडके. बाहेरची वस्तू आत न्यायची नाही, उघड्या हाताने काही शिवायचे नाही. "अगं, हे तर सासूबाईंचं सोवळं!" असे उद्गार निघाले. खाली धातूची पाटी, तिच्यावर सिलिकॉन, त्याच्यावर इलेक्ट्रॉनिक्सची पाटी, असे एकावर एक चिकटवायचे आणि केसाहून बारीक तारांनी जोडून घ्यायचे. एक तार तुटली तरी तेवढा भाग आंधळा.

"आणि एवढं जपून केलेलं तू त्या मारात पाठवणार?" सौभाग्यवतींनी विचारले. "जीव नाही तुटत?"

पुतणी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पहिल्या खेपेला तुटला होता. आमच्याकडे एक गृहस्थ येतात, त्यांनी तुर्भ्याला जुन्या चकत्यांवर काम केलेलं. ते म्हणाले, पेटीत ठेवलेली चकती शंभर वर्षं जशीच्या तशी राहील आणि तिला काहीही दिसणार नाही. फक्त किती मार बसला ते दर दिवसाचं लिहून ठेवा. लिहून ठेवलं असलं म्हणजे बिघडलेल्या चकतीचीही साक्ष दुरुस्त करून घेता येते."

मी उठून कंदिलाची काच पुसू लागलो. पुसायची काही गरज नव्हती.

रात्री झोपण्यापूर्वी तिने मला समोर बसवून हिशेब घेतला. चित्र सोप्यात कधी लावले? १९७९. ऊन किती वेळ? सकाळचे तीन तास. पावसाळ्यात? जवळजवळ नाही. घर बंद किती महिने असे? दार लावलेले असले म्हणजे ऊन येत नव्हते ना? दार उघडे किती दिवस, सुट्या कोणत्या, मुलांच्या मुंजी केव्हा, सगळे तिने विचारले आणि चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडले. जन्मभर दुसऱ्यांच्या खतावण्या तपासल्या, पण माझ्या आजीच्या नावाची ही एक खतावणी मी कधी उघडलीच नव्हती. गेलेले कुंकू त्याने परत येणार नाही; हे तीही म्हणाली, मलाही कळत होते. "पण उरलेलं किती आणि कशाने जाईल, ते तर कळेल," असे म्हणून तिने हिशेबाखाली रेघ ओढली आणि खाली "आजपासून" असे लिहून पुढची जागा मोकळी सोडली.

चित्र आता पुन्हा माजघरात आहे, वडिलांनी ठोकलेल्या खिळ्यावर. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री सौभाग्यवतींनी आजीपुढे पणती नेऊन ठेवली. पणतीच्या उजेडात लुगड्यावर हिरव्याची जरा झाक आहेसे वाटले. मी घड्याळ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी चित्र उतरवून मागे लिहिले : लक्ष्मीपूजन, पणती एक, पाऊण तास.